गुरुवारची हजेरी

शामसुंदरनं पासवर्ड टाईप केला. पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही.

"बंद पडला का, भाऊ?" मागून भागीरथेनं विचारलं.

"नाही बाई. लिनक्समदी असंच असते. पासवर्ड दाखवत नाही तो."

भागीरथा पदर सावरून खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. शामसुंदरच्या बायकोनं, विजयानं दिलेला चहा तिच्या हातातच निवत चालला होता. तिचा नवरा कवडू गुरुवारी दुपारी हथखोजच्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या सळईच्या फटकाऱ्यात गेला, त्याला आज रविवारी तीन दिवस झाले होते. मिलचा शेठ म्हणत होता, हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. लेबर ऑफिसातल्या साहेबानं भागीरथेला सांगितलं होतं, त्या दिवशी तो हजर होता असा कागद आणा, म्हणजे भरपाईचा दावा उभा राहील. आणि तो कागद अख्ख्या भिलाईत एकाच जागी होता, सुपेल्यातल्या ह्या दोन खोल्यांत, शामसुंदरच्या कॉम्प्युटरमध्ये.

शामसुंदर मिलचा हजेरीबाबू. पण कॉम्प्युटरचं वेड असं, की विजया म्हणायची, ह्यांनी माझ्याशी लग्न उगाच केलं. मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यानं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स चढवलं. महिनाभर त्याच्याशी डोकं फोडलं. मग शेठला पटवून मिलमध्येही तेच बसवलं. कागदी रजिस्टर बंद झालं. रोज सकाळी तो गेटजवळच्या खोलीत बसायचा आणि येणाऱ्या एकेकाचं नाव आपल्या हातानं आत टाकायचा. कवडू खिडकीत वाकून रोज थट्टा करायचा, "शामभाऊ, गेलो का मी डब्यात?" गुरुवारीही केली.

मिलच्या विजेचा काही भरवसा नव्हता. म्हणून शामसुंदरनं एक सोय करून ठेवली होती. रोज संध्याकाळी सात वाजता घरचा कॉम्प्युटर फोनच्या तारेवरून मिलच्या कॉम्प्युटरला लागायचा आणि तिथल्या हजेरीची हुबेहूब नक्कल घरी आणायचा. कोणाला हात लावावा लागत नसे. शेठला ह्याचा पत्ताही नव्हता.

शुक्रवारी सकाळी शेठनं त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. "कवडू का नाम निकाल दो. पूरे महीने का." एवढंच. शामसुंदरनं नाव काढलं. मनात एक गोष्ट पक्की होती. कालची नक्कल घरी आहे. इथलं पुसलं म्हणून खरं थोडंच पुसलं जातं? शेठची मर्जीही राहिली आणि कवडूचं नावही राहिलं. सापही मेला, काठीही तुटली नाही.

त्या संध्याकाळी तो कवडूला पोचवायला स्मशानात गेला. खांदाही दिला. परतताना भागीरथेच्या दारात थांबून म्हणाला, "रविवारी घरी या बाई. माह्यापाशी गुरुवारच्या हजेरीचा कागद हाये." हे बोलून त्याला फार बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा तो स्वतःला माणूस वाटला.

आता त्यानं महिन्याची हजेरी उघडली. नावं वरून खाली सरकू लागली. धोंडबा होता. गुलाबराव होता. मारोतराव होता. कवडू नव्हता.

त्यानं पुन्हा वरून पाहिलं. मग फाइलची वेळ पाहिली. शुक्रवार, सात वाजून चार मिनिटं. शनिवारी मिलमध्ये वीज नव्हती, त्यामुळे त्यानंतर नवी नक्कल आलीच नव्हती.

शुक्रवारी सात वाजता तो चितेसमोर उभा होता. इकडे घरच्या कॉम्प्युटरनं रोजच्यासारखा मिलला फोन लावला, तिथली बदललेली हजेरी आणली आणि गुरुवारच्या नकलेवर चढवून दिली. जुनी नक्कल वेगळी ठेव, असं त्यानं त्याला कधी सांगितलंच नव्हतं. डिस्कवरची जागा वाचवायची होती ना. तिकडे जे, तेच इकडे, ह्याचीच तर तो चारचौघांत फुशारकी मारायचा. शुक्रवारी घरून निघताना फोनची तार नुसती ओढून काढली असती तरी भागलं असतं.

"सापडलं का, भाऊ?"

"नाही बाई. मशीनमदून उडून गेलं." कोणी उडवलं ते त्यानं सांगितलं नाही.

भागीरथा रडली नाही. तिनं कप खाली ठेवला. "कागद नसन तं नसू द्या," ती म्हणाली. "तुमी चाला उद्या माह्यासंग साहेबापाशी. रोज तुमीच तं लिवत होते त्यायचं नाव. तुमच्या तोंडचं मानन तो."

विजया दारात उभी होती. कवडूची ती गुरुवारची थट्टा शामसुंदरनं तिला रडत रडत सांगितली होती. ती नवऱ्याकडे पाहत राहिली.

कागद असता तर कागद बोलला असता. शामसुंदरला फक्त प्रिंट काढून द्यायची होती. कोणी दिली हे शेठला कळणारही नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आता शेठविरुद्ध उभं राहून आपल्या तोंडानं बोलायचं होतं. गेटजवळच्या खोलीत आपल्या खुर्चीवर दुसराच कोणी बसलेला त्याला दिसू लागला. स्वतःची किळस आली त्याला. पण भीती किळसेपेक्षा मोठी होती.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला.

"मी नाही लिवत, बाई," तो म्हणाला. "हजेरी तं कॉम्प्युटर लावते. मले काय मालूम, कोन आलं अन् कोन नाही."