गाळणी

"आधी पाणी संपव," बाबा म्हणाले, "मग ऑफिसला जा."

तिने बाटली तोंडाला लावली. ती अडतीस वर्षांची झाली, तरी रोज सकाळी तिची बाटली भरून दाराशी ठेवायची त्यांची सवय सुटली नव्हती.

"बाबा, मूतखडा पडून तेवीस वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? खाण आहे ती, पुन्हा चालू व्हायची." ते बाथरूमच्या खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते. कुंडीत मातीवर बारीक पांढरी खडी पसरलेली होती. "आणि यातला एकही खडा हलता कामा नये हं. मोजून ठेवलेत."

हा त्यांचा जुना विनोद. ती नेहमीसारखी खाली वाकून चपला शोधू लागली.

दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. ती पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आठवड्याभराने ती आणि आत्या त्यांचं कपाट आवरायला बसल्या. सगळ्यात खालच्या खणात ती गाळणी निघाली आणि काचेच्या इवल्याशा डबीत तो बारीक पांढरा खडा.

पंधराव्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. आई नव्हतीच. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. निघाले की तीन-तीन आठवडे घरी नसायचे. पहिल्यांदा ती कूस दाबून गडाबडा लोळली, तेव्हा त्यांनी अर्ध्या वाटेतून ट्रक वळवला. मग दर फेरीच्या तोंडावर कळ येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, "बारीक खडा असेल, फोटोत दिसत नाही. भरपूर पाणी प्यायचं, लघवी गाळून बघायची."

"सोंगं आहेत कार्टीची," आत्या म्हणायची.

"पोटदुखी काय कुणी हौसेनं आणतं?" बाबा विचारायचे.

अखेर एका सकाळी गाळणीत खडा सापडला. बाबा तो तपासायला घेऊन गेले. दोन दिवसांनी आत्याला म्हणाले, "रिपोर्ट आला. मूतखडाच आहे. आता हिला सोडून मी कुठं जात नाही." त्यांनी ट्रक सोडला आणि शाळेची बस धरली. निवृत्त होईपर्यंत तीच चालवली.

"काय काय बोलले गं मी तुला तेव्हा," आत्या डोळे पुसत म्हणाली. "एवढीशी पोर तू, कळवळत होतीस. मनात ठेवू नकोस."

डबीखाली चार घड्या घातलेला पिवळट कागद होता. तिने तो उलगडला. लॅबचा रिपोर्ट होता.

'साधा दगड. मूतखडा नव्हे.'

खाली बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं : 'ट्रकमालकाला फोन करणे. उद्यापासून येत नाही.'

"कसला गं कागद?" आत्याने विचारलं.

ती उठून कुंडीपाशी गेली. माती सुकली होती.

"पहिल्यांदा खरंच दुखलं होतं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "नंतरचं सगळं तुम्ही जाऊ नये म्हणून."