परत गेलेल्यांचा रकाना

(१) मानसिक आजारावरील औषधांचा पुरवठा न झाल्याने रुग्ण उपचाराविना परत जात आहेत, हे खरे आहे काय?

"खरं आहे," स्वाती म्हणाली. "लिही, होय."

कारकून ज्ञानेशची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली. "नुसतं होय नाही चालत सिस्टर. आकडा लागतो."

विधानसभेत कुणा आमदाराने विचारलेला प्रश्न एकेका टेबलावरून घरंगळत बोईसरजवळच्या या सरकारी दवाखान्यात येऊन पडला होता. उत्तर उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. स्वाती इथल्या मनाच्या आजारांच्या ओपीडीची नर्स. ओपीडी फक्त मंगळवारी. दीड महिना झाला, कपाटात एक गोळी नव्हती. चार मागणीपत्रं गेली, एकाचंही उत्तर नाही. आणि आज पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. तिला वाटलं, सुटले.

(२) असल्यास, गत महिन्यात असे किती रुग्ण परत गेले?

तिने नोंदवही उघडली. शेवटचा रकाना, औषधाविना परत गेलेले.

पहिला मंगळवार. शून्य.
दुसरा. शून्य.
तिसरा. शून्य.
चौथा. अक्षर तिचंच. शून्य.

"वा," ज्ञानेश म्हणाला. "सगळे बरे झाले की काय?"

स्वाती हसली नाही. तिला त्या महिन्याच्या आधीचा शेवटचा मंगळवार आठवला. गोळ्या संपल्याचा पहिलाच दिवस. मासवणच्या पलीकडून जमुना आली होती, दोन गाड्या बदलून, मजुरी बुडवून. सोबत तिचा मुलगा बुधा, पंचविशीचा. गर्दीला घाबरून तो वाटेत गाडीच्या सीटखाली शिरला होता, म्हणून गुडघे सोललेले. गोळ्या नाहीत म्हटल्यावर जमुना भांडली नाही. एवढंच म्हणाली, "फोनवर सांगितलं असतं बाय, तर आलो नसतो ना आमी."

ते स्वातीला लागलं. तिने एकतीस जणांची यादी केली. दर सोमवारी स्वतःच्या फोनवरून एकेकाला कळवू लागली. उद्या येऊ नका, गोळ्या आल्या की मीच सांगते. कुंभवलीच्या गोजराबाईंनी तर तिला आशीर्वाद दिले. मुलाचा कंपनीतला खाडा वाचला होता. स्वातीला मनातून बरं वाटायचं. या दवाखान्यात निदान एक काम तरी धड होतंय.

"मी थांबवलं म्हणून आले नाहीत," ती म्हणाली. "तसं लिही."

"त्याला रकाना नाही."

"मग एकतीस टाक!"

"केसपेपर कुठाय? सही, अंगठा? वरून तपासायला आले आणि मला निलंबित केलं, तर तुम्ही येणार माझ्या घरी डबा घेऊन?"

"अरे, कपाट रिकामं आहे! ते तर दिसतंय ना?"

"ते लिहितोच." ज्ञानेशने खुर्ची तिच्याकडे वळवली. तो वाईट माणूस नव्हता. चौदा वर्षं असली उत्तरं टाइप करत होता. "पण वरचे काय वाचणार, सांगू? गोळ्या नाहीत आणि मागायलाही कोणी येत नाही. म्हणजे गरज नाही. पुरवणी मागण्यांत पैसे टाकताना आधी अशीच केंद्रं गळतात. मंगळवारही जाईल, सिस्टर. बघा तुम्ही."

(३) असल्यास, पुरवठा सुरळीत करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?

ज्ञानेशने मागच्या अधिवेशनातलं उत्तर उघडलं आणि खाली चिकटवलं.

(१) हे खरे नाही.
(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.

"पुसून टाक ते," स्वाती म्हणाली.

"आकडा द्या, पुसतो. उद्या पाचपर्यंत आहे वेळ."

उद्या मंगळवार. त्याच वेळी तिचा फोन वाजला. जमुनाच्या घरात रेंज नव्हती. सोमवारी दुपारी ती टेकाडावर चढायची आणि स्वातीच्या फोनची वाट बघायची. आज स्वातीने यादीला हात लावला नव्हता, म्हणून जमुनानेच फोन लावला.

"बाय, मी जमुना. आज फोन नाय केला तुमी?"

"बुधा कसा आहे, मावशी?"

"हाय. झोपत नाय. उठतो आन् रानात चालू लागतो. मंग त्याच्या पायाला दोरी बांधली हाय. दुसरं टोक माझ्या पायाला." जमुना हसली. "तो उठला का मी आपटते."

स्वातीसमोरच्या पडद्यावर ते शेवटचं वाक्य तसंच होतं, प्रश्न उद्भवत नाही.

"उद्या नाय यायचा ना?" जमुना म्हणाली. "तुमी सांगता तसा घरीच ऱ्हातो."

"नाही. या. उद्या या. बुधाला घेऊन या."

मग जमुना टेकाडावरूनच खाली कुणाला तरी ओरडली, "आल्या गं! गोळ्या आल्या!"

"नाही आल्या, मावशी."

"मंग कशाला येऊ, बाय?"

स्वातीने नोंदवहीचं नवं पान उलटलं, वर उद्याची तारीख घातली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"परत जायला," ती म्हणाली.