टाळकऱ्यांची पाळी

"प्रवास कसा झाला?" मी विचारलं.

"बरा झाला," तो म्हणाला आणि पुन्हा पोह्यांच्या बशीकडे बघू लागला.

मला पाहायला आलेला हा चौथा. आम्हाला मोकळं बोलता यावं म्हणून मोठी माणसं अंगणात जाऊन बसली होती. त्याचा लाजरा चेहरा मला आवडला होता. पण हा असाच गप्प राहून उठला, तर पुढचं सगळं तिथंच संपणार होतं.

दारात माझी पाच वर्षांची भाची कावेरी बसली होती. एरवी ती सगळ्यांच्या बोलण्यात तोंड घालायची, म्हणून महिनाभर मी तिला देवळात कीर्तनाला नेत होते. "बघ, बुवा गातात तोवर टाळकरी ऐकतात. बुवा थांबले, की तीच ओळ टाळकरी धरतात. आपण बोलायचंही तसंच!" आज ती कधीची ओठांवर बोट ठेवून होती. शेवटी तिला राहवेना.

"अहो काका, आत्या केव्हाची थांबलीय. आता तुम्ही धरा की!"

तो गोंधळला. मी हसत हसत कीर्तनाचं सांगितलं, तसे त्याने मला हात जोडले. "चुकलो, बुवा! खरं सांगू? प्रवास मुळीच बरा झाला नाही. घाटात जीप बंद पडली आणि हा नवा सदरा घालून मी ती ढकलत होतो."

मग चहा कधी गार झाला, कळलंच नाही. दादाने आत डोकावून विचारलं, "झालं का बोलून?"

"शू!" कावेरीने त्याला दटावलं. "बाबा, मधे बोलायचं नाही. कीर्तन रंगलंय."