तीनपैकी दोन

काचेपलीकडच्या खोलीत आई हेडफोन लावून बसली होती. आवाज आला की बटण दाबायचं, असं तिला हातवारे करून समजावलं होतं. आवाज केव्हाचे सुरू झाले होते. आई बटण हातात धरून शांत बसली होती.

बाहेर तिचा धाकटा मुलगा सारखा घड्याळ बघत होता. खाली गाडीत आईची बॅग भरून ठेवलेली होती. इथून थेट वृद्धाश्रम. कानांची तपासणी हा शेजारी उभ्या बहिणीचा हट्ट, आणि जाता जाता तिचंही समाधान होऊ दे म्हणून तो थांबला होता.

कारखान्यांच्या सुरक्षा यंत्रणा किती भरवशाच्या, याचं गणित मांडणं हे त्याचं काम. बॉयलरची उष्णता मोजायला तीन मापकं बसवतात. दोघांचं जुळलं आणि तिसरं भलतंच सांगू लागलं, तर तिसरं बिघडलं असं धरायचं. घरातही त्याने हाच कायदा लावला. आईचं डोकं चालेनासं झालंय, असं तो म्हणाला. परगावी राहणारा थोरला भाऊही तेच म्हणाला. “औषध घेतलंस का?” असं विचारलं की “दूध? घेतलं की, दोन पिशव्या,” हे उत्तर दोघांनाही मिळालं होतं. एकट्या राहणाऱ्या आईच्या शेजारच्या गल्लीतली बहीण तेवढी म्हणत होती, डोकं नाही, कान. तीनपैकी दोन. बहीण बाद.

डॉक्टरीणबाईंनी आईच्या कानांत यंत्रं बसवली आणि तिला साधे प्रश्न विचारले. आईने वार सांगितला, तारीख सांगितली. शंभरातून सात-सात वजा करत ती सुसाट निघाली. “आता पुरे,” डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. “यांच्या डोक्याला काही धाड भरलेली नाही.”

बहीण भावाकडे वळली. “दादा, तुम्ही दोघं आईशी बोलायचात कसे?”

“फोनवर,” तो म्हणाला, आणि त्याचे कान तापले. दोन मापकं एकाच वायरीवर असली तर ती दोन धरायची नाहीत, एकच धरायची, हे तो नव्या इंजिनिअरांना पहिल्याच दिवशी बजावायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! त्याला बहिणीकडे बघवेना. खालची बॅग आठवून तर धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तो आईपुढे उकिडवा बसला. “आई, ऐकू येत नाही, एवढं सांगायचंस तरी ना गं.”

आईने त्याची कॉलर सारखी केली.

“काय म्हणालास, असं विचारलं की तू चिडायचास रे. मग मी आपली अंदाजाने उत्तरं द्यायला लागले.”