मागच्या बाजूची खोली

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात लेकीनं हट्टानं आम्हा नवराबायकोला कोकणात धाडलं. हॉटेल स्वस्तातलं. मॅनेजरनं उघडलेल्या पहिल्या खोलीच्या खिडकीत सगळा समुद्र मावला होता, पण उशीवर कुणाच्या तरी डोक्याचा तेलकट डाग आणि मोरीच्या जाळीत केसांचा गुंता. मी उंबऱ्यावरूनच मागं फिरलो. दुसरीत भिंतींना बुरशी, गादीला मुताचा वास. मी नाकाला रुमाल लावला. बायकोनं मात्र हातातली पिशवी तिथंच टेकवली. तिसरी खोली मागच्या बाजूला, खिडकीसमोर नुसती भिंत. तिथल्या बाथरूममध्ये नळ वाहत होता, करंगळीएवढी धार, सरळ गटारात. "दिवाळीपासून गळतोय, काकू," मॅनेजर हसला. "वाहू दे की, इथं पाण्याला काय तोटा!" भाजीत पाल निघाल्यासारखं बायकोचं तोंड झालं. "शी! माणसं हायेत का कोण!" ती म्हणाली. "आमाला हीच खोली द्या." "अगं, हितनं समुद्र दिसत न्हाई," मी म्हणालो. "न्हाई तर न्हाई." तिनं पदर खोचला, कोपऱ्यातली बादली धारेखाली सरकवली आणि तिच्याजवळ उकिडवी बसली. आमच्या गल्लीत टँकर आला की असल्या एका बादलीसाठी बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. इथली बादली बघता बघता काठोकाठ भरली. ती उचलून बायको खोलीच्या दारापर्यंत आली आणि थांबली. बाहेर व्हरांडा रिकामा होता. "भरली की वो," ती माझ्याकडं बघत म्हणाली. "आता कुणाला देऊ?"