मागे सरकवलेली सीट

शनिवारी सकाळी साडेदहाला बायकोची गाडी पुन्हा त्या दुकानासमोर दिसली. फोरमनने स्कूटर समोरच्या औषधाच्या दुकानाच्या आडोशाला लावली आणि पाहत राहिला.

दुकान गाड्यांचे स्पीकर बसवणाऱ्याचं. माणूस उंचापुरा, हसतमुख; बाजारात सगळे त्याला कानसेन म्हणत. गाडीच्या दाराचं आतलं आवरण काढून भिंतीला टेकवलं होतं. दाराचा पत्रा थरथरू नये म्हणून कानसेन त्यावर जाड काळी पट्टी दाबून चिकटवत होता. बायको शेजारी उभी. दोघांचे ओठ हलत होते, पण शब्द म्हणाल तर एक नाही.

भर बाजारात एवढं हळू बोलण्यासारखं काय असतं?

तक्रार मुळात त्याचीच होती. गाडी नवी आली तेव्हा तो म्हणाला होता, "कंपनीचे स्पीकर अगदीच बद्द. गाणारीच्या तोंडात बोळा कोंबल्यासारखं वाटतं."

"मला तर छान वाटतात," बायको म्हणाली होती. विषय तिथंच संपला. आणि आता वर्षभराने तिलाच आवाजाचा पुळका आला होता.

फोरमनची हयात पत्र्याच्या कारखान्यात गेली. तिथं यंत्रांच्या घणघणाटात माणसं ओरडून बोलतात. पोटात एक, ओठात एक असला कारभार नाही. हल्ली घरात मात्र नुसती कुजबुज. बायको फोन घेऊन गॅलरीत जायची. पूर्वी बाहेरून आली की बेल वाजवायची. आता स्वतःच्या किल्लीने दार उघडून मांजराच्या पावलांनी आत. त्याने टीव्ही लावला की मुलगी पुस्तकं उचलून मैत्रिणीकडे निघे. आईला फितूर, दुसरं काय.

कळस झाला परवा. पाना काढायला म्हणून तो गाडीत शिरला, तर चालकाची सीट मागे सरकवलेली. बायको बुटकी. सीट पार पुढे ओढल्याशिवाय तिचा पाय क्लचला पुरत नसे. फोरमनने बसून बघितलं. गुडघ्यांना अगदी मापात जागा. म्हणजे पुरुष, आणि आपल्याच उंचीचा.

"गाडी कोण चालवत होतं?" त्याने घरात येऊन विचारलं होतं.

"कुणी नाही. कानसेननी माप घेतलं. आवाज एकाच माणसाच्या कानाला जुळवता येतो म्हणे."

"कुणाच्या?"

ती जराशी हसली. "कळेल की."

आज स्कूटरच्या हुकाला पिशवी लटकत होती. आत दोन जोड कपडे आणि दाढीचं सामान. भावाला येतो म्हणून सांगितलं होतं. एकदा सोक्षमोक्ष लावायचा. मग घर, नाहीतर भावाचं घर.

तो रस्ता ओलांडायला लागला, तोच एक टेम्पो त्याच्या अंगाला घासून गेला. चालकाने मान बाहेर काढून शिव्या हासडल्या. हॉर्न वाजवायचीसुद्धा रीत राहिली नाही, फोरमन पुटपुटला.

त्याला पाहताच दोघं गप्प झाली.

"अहो, तुम्ही? कामावर नाही गेलात?"

"का? अडचण झाली?"

बायकोचा चेहरा उतरला. कानसेनने हात पुसले. "या साहेब, या," तो खणखणीत आवाजात म्हणाला. तिच्याशी मधाळ, आणि आपल्या अंगावर वसकन. "ताई तुम्हाला उद्या आणणार होत्या. आलाच आहात तर बसा."

"मी बसायला आलेलो नाही. हे कुणासाठी चाललंय, तेवढं सांगा."

"आधी बसा हो," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चोरी पकडली गेली की येतं तसलं, फोरमनला वाटलं.

तो बसला. सीट अजून मागेच होती.

कानसेन उघड्या दारापाशी उकिडवा बसला, हातात मोबाइल. "दारातले बारीक स्पीकर नवे आहेत. गाण्याआधी नुसता एक सूर लावतो, चढा. हळूहळू वाढवतो. सहन होईना की हात वर करा."

"लावा."

कानसेनने बोट टेकवलं. फोरमन हाताची घडी घालून समोर बघत राहिला. कानसेनचं बोट पडद्यावरून वर सरकलं. थोडं थांबलं. आणखी वर सरकलं. शेजारच्या गाडीखाली झोपलेला कुत्रा उठला आणि शेपूट घालून पळाला. औषधवाला पायरीवर आला. त्याचं तोंड वाकडं झालेलं, तो हातवारे करत होता. बायकोने दोन्ही कान तळव्यांनी गच्च दाबून धरले होते आणि ती फक्त फोरमनकडे बघत होती.

फोरमनचा पारा चढला.

"अहो, लावा की आता," तो म्हणाला. "मुहूर्त बघताय काय?"