अखाजीच्या दिवसाचा साक्षीदार

फळ्यावरची ओळ पुसायची नाही, असं बजावून गेलेले नत्थुजी पाटील अमरावतीहून शाळा तपासनीस घेऊन आले, तेव्हा मोरोपंत मास्तरांनी धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं. नोकरी आज जाते की उद्या, एवढंच ठरायचं होतं.

नत्थुजी म्हणजे अकोल्याकडचे तालेवार. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे कापसाने त्यांना असं वर काढलं, की बैलांच्या दमणीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसल्या. दमणी रस्त्याने गेली, की मागे कोंबड्यासुद्धा चांदीसाठी माती उकरत. खोटं वाटत असेल त्याने कोंबड्यांना विचारावं.

फळ्यावर होतं, ‘कापूस कोण पिकवतो? अमेरिकेत गुलाम. वऱ्हाडात...’ पुढची जागा मास्तरांनी रिकामी सोडली होती. ती मुलांनी भरली होती. ‘सालदार.’

"म्हंजे मी काय मानसं इकतो?" नत्थुजी कडाडले. "तिकडं मायपासून लेकरू तोडून बजारात उभं करतात. मी पुंजारामले सालाची जवारी देतो, दोन धोतरं देतो, जोडा देतो. सारखं हाय काय हे?"

"सारखं नाही," मास्तर म्हणाले. "पण सारखं नाही हे कळायलाही दोन्ही शेजारी ठेवावं लागतं, पाटील."

"मास्तर, अमेरिका अमेरिकेतच शिकवावी," तपासनीस भगवंतराव मिशीतल्या मिशीत पुटपुटले. "वऱ्हाडात आणली की भांडणं होतात." आणि त्यांनी बडतर्फीचा कागद पुढे ओढला.

"थांबा साहेब!" नत्थुजींना स्वतःच्याच अकलेचं कौतुक वाटलं. "गुलाम हाय का नाई, त्यालेच इचारू. ए पुंजाराम!"

पुंजाराम बाहेर निंबाखाली बसला होता. सावकाश उठला, सावकाश आला. नऊ सालं पाटलांकडे सालदार म्हणून, सालाच्या बोलीवर राबलेला गडी. त्याच्या हातची सरकी पेरायच्या आदल्या दिवशीच उगवते, अशी ख्याती.

"सांग साहेबाले. तू गुलाम हाय काय?"

"काल इचारलं असतं मालक, त ‘तुमी म्हनान तसं’ म्हनलो असतो," पुंजाराम म्हणाला. "आज अखाजी हाय."

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, जुनं साल संपतं. नव्या सालाची सुपारी तोंडात टाकेपर्यंत सालदार कोणाचाच नसतो. अख्ख्या वर्षातून पाटलांनी साक्षीला नेमका हाच दिवस गाठला होता.

"मास्तर, त्या गुलामायले अखाजी असते काय?"

"नसते, पुंजाराम."

"मंग मी गुलाम नाई."

पाटलांची छाती फुगली.

"पन साहेब, हा एक दिस सोडून बाकी सालाचं पोरायनं जे लिवलं, ते राहू द्या."

भगवंतरावांना एकाएकी खोकला आला. बराच वेळ आला.

दाराशी शेजारगावचे कास्तकार पंजाबराव उगाच शाळा पाहायला आल्यासारखे उभे होते. त्यांच्या मुठीत सुपारी होती. ती नत्थुजींना दिसली, आणि त्यांनी घाईघाईने कमरेची आपली सुपारी काढली.

"येतं ना यंदा?"

"मास्तर जाऊन राहिले काय?" पुंजारामने विचारलं.

"कोन म्हनते?" नत्थुजी गर्रकन वळून भगवंतरावांवरच डाफरले. "साहेब, ठेवा तो कागद खिशात!"

मोरोपंतांनी असा श्वास सोडला, की फळ्याखालची खडूची भुकटी दारापर्यंत उडाली. ओळ तेवढी जागची हलली नाही.

पुंजारामने सुपारी घेतली, पण तोंडात टाकली नाही. पागोट्यात खोवली.

"दिवस बुडाला की खातो," म्हणाला, आणि निंबाखाली जाऊन पागोटं उशाला घेऊन आडवा झाला.

"अरे, मंग दमनी कोन जुंपीन?"

पुंजारामचे डोळे मिटलेले होते.

नत्थुजींनी इकडेतिकडे पाहिलं. मग सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि चांदीच्या चाकांपुढे वाकून, नऊ वर्षांत पहिल्यांदा, स्वतः बैल जुंपायला लागले.